राजपिपळ्यात वाढलेलं ऑइल

बडोद्याहून तळोद्याला मोटरसायकलनं जाणारे आता फारसे कुणी नसतील. बस आहे, भाड्याची गाडी मिळते, आणि शहाण्या माणसानं त्यातलंच काहीतरी पकडावं. आम्ही दोघं साठीच्या आसपासची आणि आमची मोटरसायकल जवळजवळ आमच्या लग्नाइतकी जुनी. तरी गेलो. परत मात्र बसनं आलो. ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रस्ता फार सुंदर आहे, आणि त्याचा यात काही दोष नाही.

निजामपुरा

आधी आमच्याबद्दल. माझं माहेर बडोद्यातलंच. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, तेव्हापासून आम्ही इथले. घरात मराठी, उंबरा ओलांडला की गुजराती. माझे यजमान मूळचे तळोद्याचे, म्हणजे नंदुरबारकडचे. रिफायनरीत नोकरी लागली म्हणून बडोद्याला आले आणि इथलेच झाले. समोर मी त्यांना ‘अहो’च म्हणते, पण लिहिताना ‘हे’ ‘हे’ करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून इथे नावानंच लिहिते: प्रभाकर.

तळोद्यात वन्सं असतात, म्हणजे प्रभाकरांची मोठी बहीण. त्यांचे यजमान गेल्यापासून एकट्याच राहतात. आमचं लग्न नवं असताना दर हिवाळ्यात आम्ही मोटरसायकलनं त्यांच्याकडे जायचो. मुलगी झाली आणि आमचं बसनं जाणं सुरू झालं. मोटरसायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोळ घालून उभी राहिली, ती प्रभाकर रिटायर होईपर्यंत.

रिटायर झाल्यावर त्यांनी खोळ काढली. सबंध उन्हाळा आणि पावसाळा ते त्या गाडीपाशी बसून होते. जुन्या गाडीत बिघाड शोधणं सोपं असतं, गळती शोधणं अवघड, असं ते म्हणायचे, कारण ऑइल गळतं एका ठिकाणी आणि वाऱ्यानं पसरत जाऊन दिसतं दुसऱ्याच ठिकाणी. त्यांनी इंजिन रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं आणि माझी टाल्कम पावडर त्यावर भुरभुरली. मग गाडी थोडा वेळ चालू ठेवली. पांढऱ्या पावडरीवर वरच्या झाकणाच्या कडेनं एक काळी ओली रेघ उतरत आली.

“सापडली!” ते ओरडले. शेजारच्या पटेलबेन गॅलरीतून म्हणाल्या, “भाई, इंजिनला पावडर? आता कुंकू पण लावो!”

झाकणाचं पॅकिंग बदललं. मग रोज संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा आणि सकाळी त्यावरचे डाग बघायचे, असं चालू झालं. दिवाळीनंतर पुठ्ठा कोरडा निघायला लागला. प्रभाकरांचा डावा खांदा आखडला होता, तो दुखायचा, बटणं लावायला वेळ लागायचा. फिजिओथेरपी चालू होती. मी म्हटलं, तळोद्याला बसनं जाऊ. ते म्हणाले, “एकदा गाडीनं. मग परत नाही म्हणणार कधी.”

मी हो म्हटलं.

डभोई

सकाळी थंडी बरी होती. रस्त्याच्या कडेला पोंकवाले बसले होते. आपल्या हुरड्यासारखाच, पण बडोद्यात तो शेव आणि साखरेच्या दाण्यांबरोबर खातात. वन्संना हे सांगितलं की त्या दर वेळी कपाळाला हात लावतात.

डभोईच्या अलीकडे गाडी आचके द्यायला लागली. प्रभाकरांनी कडेला घेतली, पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, खोलला. आतल्या जाळीत टाकीतला गंज येऊन बसला होता, तांबडा, गाळलेल्या मसाल्याच्या चोथ्यासारखा. जाळी फुंकून, पुसून परत बसवली. एवढंच काम, पण कॉकचा नट फिरवताना डाव्या हातातून पाना दोनदा निसटला. दुसऱ्यांदा मी उचलून दिला. त्यांनी माझ्याकडे न बघता घेतला.

गावात शिरल्यावर गाठिया खाल्ले, संभाऱ्याबरोबर, म्हणजे कच्च्या पपईच्या परतलेल्या किसाबरोबर. दुकानवाल्यानं गाडी पाहून विचारलं, “काका, केटली जूनी?” किती जुनी, या प्रश्नाचं उत्तर द्यायला प्रभाकरांना नेहमीच आवडायचं. त्यांनी सगळा इतिहास सांगितला. दुकानवाला तळणात तिखट घालत होता आणि आम्ही दोघंही खोकलो. पुढे जे कळलं त्यामुळे मला हे आठवतं: तिखटाचा ठसका त्यांनाही लागला होता.

राजपिपळा

पोइच्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडली की हवा बदलते. पाणी रुंद, संथ, आणि पलीकडे केळीच्या बागाच बागा. थंडीत केळीची पानं कडांनी फाटलेली असतात आणि वारा आला की सगळी बाग कागदासारखी वाजते. जुन्या गाडीला एका दमात तळोदा नको म्हणून आम्ही राजपिपळ्याला मुक्काम केला. खोली साधी, स्वच्छ. संध्याकाळी कढी-खिचडी खाल्ली आणि लवकर झोपलो.

सकाळी प्रभाकरांनी ऑइल तपासलं. टोपणाला एक पट्टी असते, ती पुसून आत घालायची, बाहेर काढून बघायची. ऑइल खुणेपर्यंत असलं म्हणजे झालं. ते खुशीत म्हणाले, “शैला, एक थेंब कमी नाही झाला. उलट खुणेच्या वर आहे.”

“वर कसं असेल?” मी विचारलं. “काल तुम्ही घातलं का?”

“नाही. काल गाडी तिरकी उभी असेल तपासताना.”

मी जवळ गेले. पट्टीवरचं ऑइल पातळ होतं, पाण्यासारखं ओघळत होतं, आणि पेट्रोलचा वास येत होता. कालच्या कॉकच्या खटपटीचा असेल असं आधी वाटलं. पण वास पट्टीलाच होता.

“अहो, याला पेट्रोलचा वास येतोय.”

त्यांनी पट्टी नाकाशी धरली. चांगला दीर्घ श्वास घेतला. मग म्हणाले, “काही नाही. ताजं ऑइल आहे. तुला हल्ली सगळीकडे पेट्रोलचाच वास येतो.”

पस्तीसेक वर्षं ज्या माणसानं रिफायनरीत नाकाच्या भरवशावर काम केलं, ज्याला शिफ्टवरून आल्यावर सांगता यायचं की आज कुठल्या युनिटच्या बाजूनं वारा होता, त्याच्याशी मी वासावरून काय वाद घालणार? मी पिशवी गाडीला बांधायला घेतली. कॉकही रात्रभर उघडाच राहिला होता, ते मी पाहिलं, पण सांगितलं नाही. बंद करायला विसरले असतील, त्यात काय एवढं.

डेडियापाडा आणि पुढचा चढ

राजपिपळ्याच्या पुढे सागाची जंगलं सुरू होतात. हिवाळ्यात पानं गळायला लागलेली, खाली पडलेली पानं गाडीखाली पापडासारखी मोडतात. डेडियापाड्याला बाजार होता. बांबूच्या टोपल्या, सुकी मासळी, मोहाची फुलं. एका झोपडीवजा खानावळीत मक्याचा जाड रोटला, उडदाची घट्ट डाळ आणि लसणाची चटणी मिळाली. वाढणाऱ्या बाईनं आम्हाला विचारल्याशिवाय दुसरा रोटला वाढला. बडोद्यात आग्रह तोंडानं करतात, इथे हातानं. मी दीड खाल्ला. प्रभाकर म्हणाले, “चव नाही काही.” मला तर डाळ अजून आठवते.

तिथून निघालो तेव्हा इंजिनचा आवाज वेगळा येत होता. कोरडा, खडखड. “टॅपेट बोलतायत,” ते म्हणाले, म्हणजे व्हॉल्व्ह जरा ढिले झालेत, एवढंच. “तळोद्याला गेल्यावर बघतो.” सागबाऱ्याच्या पुढे रस्ता चढायला लागला. माझ्या पायांना इंजिनची धग जाणवत होती. गाडीचा जोर कमी झाला, त्यांनी गिअर पाडला, आणि मग एकदम मागचं चाक जाम झालं.

इंजिन जाम झालं की तत्काळ क्लच दाबायचा, म्हणजे चाक मोकळं होतं आणि गाडी कडेला घेता येते. हे मला त्यांनीच कधीतरी शिकवलेलं. त्यांचा डावा हात क्लचवर होता. मी मागून बघत होते. बोटं आवळायला लागली, पण इतकी हळू की मला ती एकेक मोजता आली असती. टायर घासत गेला, गाडी आडवी झाली आणि आम्ही दोघं रस्त्यावर.

वेग नव्हता म्हणून वाचलो. माझा गुडघा फुटला, त्यांचं कोपर सोललं. मागून ट्रक येत असता तर हे लिहायला मी नसते. त्यांनी उठून आधी पेट्रोलचा कॉक बंद केला, मग माझ्याकडे आले. “लागलं का?” म्हणाले. त्यांचा डावा हात थरथरत होता. मला वाटलं, पडल्यामुळे.

थोड्या वेळानं टोपल्या भरलेला एक पिकअप आला. चालवणारा वसावा आडनावाचा, शेजारी त्याची बायको रमिला. “वाग्युं नथी ने, बेन?” लागलं नाही ना, असं विचारत ती उतरली, माझा गुडघा स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यानं धुतला आणि मला पुढे बसवलं. टोपल्या एका बाजूला रचून मोटरसायकल मागे चढवली. प्रभाकर मागेच बसले, गाडी धरून. केबिनच्या काचेतून ते मला दिसत होते. उजव्या हातानं हँडल धरलेलं, डावा मांडीवर पालथा ठेवलेला, आणि नजर आम्ही मागे टाकत चाललेल्या रस्त्यावर.

सरहद्द ओलांडली की पाट्या गुजरातीच्या मराठी होतात. पूर्वी तिथे प्रभाकर जोरात हॉर्न वाजवायचे. मी काचेतून मागे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

तळोदा

वन्सं दारातच उभ्या होत्या. वसावा दांपत्याला त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. खानदेशात घड्याळ बघून पाहुण्याला जेवायला विचारत नाहीत, पाहुणा आला म्हणजे जेवायची वेळ झाली. माझ्या गुडघ्याला हळद, भावाच्या कोपराला हळद, आणि आम्हा दोघांना भरपूर बोलणी. “या वयात! सर्कस आहे का?”

दुसऱ्या दिवशी गावातल्या मेकॅनिककडे गाडी नेली. तिशीतला बोलका माणूस होता. त्यानं इंजिनखालचा नट काढला आणि ट्रेमध्ये ऑइल सोडलं. ते ऑइलसारखं पडलंच नाही, भसकन् सांडलं.

“साहेब, हे तर अर्धं पेट्रोल आहे,” तो म्हणाला. “कार्बोरेटरची पिन झिजलेली असणार. कॉक उघडा राहिला की पेट्रोल थेट इंजिनात उतरतं. ऑइल पातळ झालं, पिस्टनला वंगण मिळालं नाही, जाम होऊन धरला. तुम्हाला वास नाही आला? इथपर्यंत मारतोय.”

वास मलाही येत होता, दुकानाच्या पायरीवर उभी होते तरी. प्रभाकर पुढे आले. ते ट्रेपाशी वाकले. इतके, की नाक जवळजवळ टेकलं. तसेच राहिले. मग सावकाश सरळ झाले, कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले आणि मेकॅनिकला म्हणाले, “किती दिवस लागतील?”

मेकॅनिक म्हणाला, सिलिंडर बोअर करायला नंदुरबारला पाठवावा लागेल, जुन्या गाडीचा पिस्टन शोधावा लागेल, नक्की काही सांगता येत नाही. प्रभाकर म्हणाले, “राहू दे इथेच.”

त्या संध्याकाळी वन्संनी भरीत केलं. आमच्या बडोद्यात रिंगणाचा, म्हणजे वांग्याचा, ओळो करतात, तो चांगलाच असतो, पण खानदेशातल्या भरताची सर त्याला नाही. लांबट हिरवी वांगी अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजतात. साल करपायला लागली की त्या धुराचा वास शेजारच्या चार घरांना कळतो. प्रभाकर अंगणातच खाटेवर बसले होते, शेकोटीकडे पाठ करून, गेटकडे बघत. वांगी भाजून वन्संनी ती परातीत घेतली. तेवढ्यात ते पाठमोरेच म्हणाले, “ताई, आज जेवायला काय करतेस?”

वन्संचा हात थांबला.

“भाऊ, तुला वास नाही आला?”

“सर्दी आहे थोडी.”

वन्संनी परात उचलली आणि मला खुणेनं आत बोलावलं. स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि तशाच उभ्या राहिल्या.

“आप्पांचं असंच सुरू झालं होतं, शैला. आई म्हणायची, ह्यांना दूध करपलेलं कळत नाही. आम्ही मुलं हसायचो. मग एक हात जड झाला. मग थरथर. शेवटी घास तोंडापर्यंत जाईना. भाऊच भरवायचा त्यांना, कॉलेजातून आल्यावर.”

माझे सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. मला सांगितलेलं एवढंच, की आजारी होते. मी वन्संना विचारलं, “यांना ठाऊक असेल का हे?”

“त्याला नाही तर कुणाला?” त्या म्हणाल्या, आणि वांग्याची सालं काढायला बसल्या.

जेवताना मी त्यांच्या ताटाकडे बघत होते. प्रभाकरांनी भरीत खाल्लं, छान झालंय म्हणाले.

सकाळी आम्ही दोघं पायी बसच्या चौकशीला निघालो. उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. मी म्हटलं, “वन्संनी आप्पांचं सांगितलं.”

ते चालत राहिले. “मला शंका होती,” म्हणाले.

“कधीपासून?”

“कोरोनात आपल्या दोघांचा वास गेला. तुझा आला. माझा येईल येईल म्हणत राहिलो. मग हात अडखळायला लागला, तेव्हा कळलं, आप्पांसारखाच कंपवात.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू मागे बसली असतीस?”

“नसते बसले. तुम्हालाही बसू दिलं नसतं.”

“म्हणूनच.”

आजाराचं दुःख मला नंतर झालं. त्या क्षणी आला तो राग. मी रस्त्यात उभी राहिले. “राजपिपळ्यात मी सांगितलं होतं, पेट्रोलचा वास येतोय. तुम्ही पट्टी नाकाला लावून मला खोटं पाडलंत.”

“हो.”

“मी मागे बसले होते, अहो. मी.”

ते थांबले. डावा हात त्यांनी स्वेटरच्या खिशात घातला होता. “तुझं ऐकलं असतं,” ते म्हणाले, “तर तिथेच उतरावं लागलं असतं. नुसतं गाडीवरून नाही.” मग, “चुकलं माझं. तुला काही झालं असतं तर...” वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही, आणि मी त्यांना मदत केली नाही.

परत

परतीचा रस्ता तोच, फक्त बसच्या काचेतून. आम्ही पडलो ती जागा कधी गेली ते मला कळलं नाही. सगळी वळणं सारखीच दिसत होती. प्रभाकरांनी खिडकी मला दिली होती. डेडियापाड्याला बस थांबली तेव्हा ते उतरले आणि कागदात भजी घेऊन आले. एका हातानं कागद, दुसऱ्या हातानं बसचा दांडा, आणि त्या डाव्या हातानं दांडा नीट धरता येईना. कंडक्टरनं दंडाला धरून वर घेतलं. मी उठले नाही. भजी मांडीवर ठेवून घेतली, आणि राजपिपळा येईपर्यंत ती गार झाली. मग आम्ही दोघांनी ती गारच खाल्ली.

या रस्त्यानं जाणार असाल तर हिवाळ्यात जा. पोइच्याचा पूल सकाळी ओलांडा, डेडियापाड्याला बाजाराच्या दिवशी पोहोचा आणि उडदाची डाळ खा. मुक्कामाला थांबलात की पेट्रोलचा कॉक बंद करा. ऑइल कमी झालेलं सगळेच तपासतात. वाढलेलं दिसलं तर खुश होऊ नका, कुठून आलं ते शोधा. आणि बरोबरचं माणूस काही सांगत असेल तर ऐका. वन्संचा फोन येत असतो. पिस्टन मिळाला, मेकॅनिक कामाला लागू का विचारतो. आम्ही अजून कळवलेलं नाही.

माझा राग गेला असं म्हणणार नाही. तो कामाला लागला, एवढंच. परत आल्यावर चारच दिवसांनी मी प्रभाकरांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, गुजराती, आमच्याशी हिंदीत बोलत होते. डभोईच्या ठसक्याचं मी विचारलं, तर म्हणाले, ठसक्याला वास यावा लागत नाही, घसा पुरतो. त्यांनी प्रभाकरांना चालायला लावलं, वळायला लावलं, कागदावर एक ओळ लिहायला लावली. अक्षरं पुढे पुढे बारीक होत गेली. मग अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर झटपट आपटून दाखवायला सांगितलं. उजव्या हाताचं जमलं. डाव्याचं सुरू झालं, हळू झालं, आणि बोट अर्ध्यावर थांबलं.

डॉक्टरांनी विचारलं, “अंकल, गाडी चलाते हैं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. प्रभाकरांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

“चलाता था,” ते म्हणाले.